नवरदेवाचं ट्रम्पेट

चहा घेत ऐका, गण्याच्या लग्नातलं सांगतो.

आपल्या आष्टीच्या बँडमधी सगळे घरचेच गडी. गावात कोणाचंबी लग्न असलं की फुकट वाजवायचं. मी ढोलावर असतो अन् ट्रम्पेट एकट्या गण्यालाच येतं. आता नवरदेव तोच. मी म्हणलं, "तुझ्याबिगर वाजवू कसंबी." तर म्हणला, "कसंबी वाजवलेलं मी माझ्याच लग्नात ऐकू का?" अन् पठ्ठ्यानं घोड्यावर बसून स्वतःची वरात स्वतःच वाजवत नेली.

बोहल्यावर चढला तरी ट्रम्पेट काखेतच. नवरीचा मामा म्हणला, "जावईबापू, आणा, मी धरतो." गण्या म्हणला, "राहू द्या, तुमच्याकडून पडंल."

आमच्या बँडचा नेम असा, की अंतरपाट दूर झाला की पहिले ट्रम्पेट वाजतं, मंग आम्ही सगळे. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट निघाला, अन् गण्यानं सवयीनं हातातला हार भटजीकडं दिला अन् ट्रम्पेट तोंडाला लावलं. ते वाजलं म्हणल्यावर आम्हीबी सुरू झालो. मामा ओरडून राह्यला, पण बँडपुढं ऐकू कोणाला येतंय? गण्याचे तर डोळेबी बंद.

नवरी जरा वेळ थांबली. मंग तिनं हार सरळ ट्रम्पेटला घातला.

आता गण्या सरावाला निघाला की वहिनी दारात आडवी येती. म्हणती, "हार ज्याला घातला तो माझा नवरा. त्याला घरी ठेवा, मंग तुम्ही खुशाल कुठंबी जा."