आईपासूनचं अंतर

रविवारी दुपारी आमचं अख्खं ब्युनॉस आयर्स आईकडे जेवायला जातं, म्हणून ताज्या रॅव्हिओलीच्या, म्हणजे सारण भरलेल्या पास्त्याच्या, दुकानापुढे ही रांग. माझ्यापुढे एक जोडपं. त्याचं डोकं मोबाइलमध्ये.

“रोसिओ, घर शोधायची आपली साइट मी आणखी सुधारली.”

“परत? मागच्या वेळी बाल्कनीत ऊन कधी येतं ते कळायला लागलं. बाल्कनी मात्र तोवर दुसऱ्याच कुणी घेतली.”

“आता आईपासूनचं अंतर टाकलंय. जवळचं घर सगळ्यात वर येतं.”

“मग वर काय आलंय?”

“आईच्याच माडीवरची खोली.”

“वा, एसेकिएल. दोन वर्षं डोंगर पोखरलास आणि निघाली सासू.”

“अगं, भाडं नाही, जामीनदार शोधायला नको.”

“आणि सगळ्यात खाली?”

“ते बादच समज. एकच खोली, तीही दोन बस बदलून.”

“तेच मी घेतलं. शुक्रवारी सही केली. मामा जामीन राहिले.”

“मला न विचारता? एका खोलीत दोघं मावणार कसे?”

तेवढ्यात त्यांचा नंबर आला.

“बोला ताई, किती जणांची रॅव्हिओली?”

“दोन पुडकी करा. एक ह्याच्या आईकडे, दोघांपुरतं. दुसरं माझं, एकटीचं.”