झाडातला झ

नाही, तुम्हीच सांगा, दोन अक्षरं म्हणजे काय डोंगर आहे का हो? झी आणि व. झीव! संपलं! पण नाही... इस्राएलातल्या अश्दोदच्या हेदवाने पोराचं नाव झीव ठेवलं आणि त्या दिवसापासून, तुम्हाला सांगतो, सासरच्या एका माणसाने, एकाने म्हणून ते धड घेतलं नाही! आणि बिचारी हेदवा नोकरीला कुठे? तर दवाखान्यात, नावं पुकारायच्या खिडकीवर! दिवसभर मोरोक्कोचे, रुमानियाचे, जॉर्जियाचे पेशंट, एकेकाचं आडनाव असं की अर्ध्यात थांबून श्वास घ्यावा लागतो, पण ही बाई सगळी खणखणीत पुकारते, एकदा अडखळत नाही, आणि घरी आली की दारातच ऐकते, "बरं झालं आलीस गं हेदवा, जीव सकाळपासून नुसता वर-खाली होतोय!"

आता वर-खाली होतोय म्हणजे पोरगं जिन्यात चढउतार करतंय. पण ऐकणाऱ्याला काय वाटेल? समोरची दिना, तीही मराठी बोलणारीच, एकदा लिंबूपाणी घेऊन धावत आली होती!

हे बोलणाऱ्या म्हणजे हेदवाच्या सासूबाई, त्सिपोराबाई. मूळच्या कोकणातल्या ज्यू, मुंबईत उमरखाडीला संसार केलेल्या, इस्राएलात येऊन इतकी वर्षं झाली तरी लुगडं सुटलं नाही आणि जीभही सुटली नाही. ज-ला ई लागली की जीव, जीभ, जिरं, जिलबी. ई लागलेला दुसरा कुठला ज देवाने त्यांना दिलाच नव्हता. मग काय, "जीव पडला गं!", "जीव काही केल्या खात नाही!", आणि पाहुणे आले की, "बसा हां, आत जाऊन जीव घेऊन येते!" पाहुणे चहा न घेता उठायचे हो!

बरं, सासूच एकटी असती तर चाललं असतं. हैफ्याचे बेझालेलमामा, सॅमसनचे, म्हणजे हेदवाच्या नवऱ्याचे मामा, ते दारातून आरोळी ठोकायचे, "काय रे शिवा!" हेदवा म्हणायची, "मामा, ज्यूंच्या घरात शिवा कुठून आणता?" तर मामा, "तेच म्हणतोय मी पण. असलं नाव ठेवावं का?" आणि थोरली नणंद तोवा, किर्यात मलाखीची, ती म्हणायची झिप! "आमचा झिप कुठाय?" असं तिने विचारलं की सॅमसन आधी स्वतःच्या पँटकडे बघायचा. दोन अक्षरं हो, दोन अक्षरं!

आणि हेदवाने ते नाव काय उगाच ठेवलं होतं? झीव म्हणजे तेज. बाळंत झाली त्या सकाळी खिडकीतून ऊन आलं ते नेमकं पोराच्या कपाळावर, आणि तिच्या तोंडून निघालं, झीव. चार वर्षांची असताना ठाण्याहून आईच्या कडेवर आलेली मुलगी, मराठी समजते, मोडकंतोडकं बोलते, पण राग, प्रेम, हिशेब सगळं हिब्रूत. तिला वाटलं, आपला मुलगा इथे जन्मला, नाव इथलं असू दे. आता अडचण काय झाली? आदल्या वर्षीच सासरे वारले होते. त्यांचं नाव हाईम. सुंतेच्या दिवशी, तेव्हाच नाव ठेवतात, अख्ख्या गोतावळ्याने धरूनच ठेवलं होतं की नातू म्हणजे हाईम. बायकांनी डोळे पुसायची तयारी ठेवली होती! आणि सॅमसनने नाव सांगितलं, झीव... तुम्हाला सांगतो, बायकांचे रुमाल हातातच राहिले. त्सिपोराबाईंनी पदर तोंडाशी धरला आणि एवढंच विचारलं, "काय म्हणाला? जीव?"

तेव्हापासून हेदवाच्या डोक्यात एक किडा शिरला. हिब्रूत हाईम म्हणजे जीवन, आणि मराठीत जीवन म्हणजे जीवच की! म्हणजे ही बाई चुकत नाहीये. ही बाई रोज, माझ्या घरात, माझ्या तोंडावर, माझ्या मुलाला स्वतःच्या नवऱ्याच्या नावाने हाक मारतेय! तिने सॅमसनला सांगितलं. सॅमसन बंदरावर क्रेन चालवायचा, दिवसभर उंच बसून खालच्यांची भांडणं बघायची सवय. म्हणाला, "आईला एवढं डोकं असतं तर..." आणि वाक्य सोडून वर्तमानपत्र उघडलं.

शेवटी एका शुक्रवारी संध्याकाळी, मेणबत्त्या लागलेल्या, सगळे टेबलाशी, बेझालेलमामाही आलेले, हेदवाने शाळाच घेतली. "आई, झाड म्हणा." "झाड." "वा! आता त्या झाडातला झ घ्या आणि त्याला ई लावा." त्सिपोराबाईंनी विचार केला आणि म्हणाल्या, "झाडाला ई लावली तर झाडी होते गं." "झाडाला नाही, झ-ला! माशी कशी करते? झ्झ्झ..." मग काय, सगळं टेबल झ्झ्झ करायला लागलं, मामांच्या कवळीतून शिट्टी निघाली, पोरगं हसून हसून खुर्चीखाली, आणि त्सिपोराबाईंनी डोळे मिटले, ओठ आवळले, "झ्झ्झ... झ्झ्झ... जीव!"

हेदवा ताट तसंच ठेवून उठली. आतल्या खोलीत जाऊन रडली. हसण्यावारी न्यायची गोष्ट होती, पण पाच वर्षं, रोज... दोन अक्षरांसाठी!

आणि मग चौऱ्याहत्तरचा ऑगस्ट आला. आदल्या ऑक्टोबरातल्या युद्धानंतरचा पहिला उन्हाळा. माणसं अजून लाउडस्पीकर खरखरला की दचकायची. बालवाडीला सुट्टी, म्हणून त्सिपोराबाई नातवाला घेऊन समुद्रावर गेल्या, बरोबर दिना. हेदवा दवाखान्यात खिडकीवर. आणि तिथला फोन वाजला. दिनाचा आवाज, मागे वारा, "हेदवा! लवकर ये! समुद्रावर जीव गेला!"

आता तुम्ही ऐकलंत. हेदवानेही तेच ऐकलं. तिच्या हातातली पेशंटची चिठ्ठी तशीच राहिली.

"कोण?... दिना, काय म्हणालीस?"

"अगं, जीव गेला! जीव!"

"झ की ज?" हेदवा ओरडली. "दिना, झ की ज? झाडातला की कुठला? नीट बोल!"

"आता तू मला उच्चार शिकवतेस?" दिना रडत होती. "गेला म्हणजे... दिसत नाही! आत्ता इथे होता!" आणि फोन कट.

दिसत नाही! पाण्यात दिसत नाही की वाळूवर दिसत नाही? रांगेतला जॉर्जियाचा म्हातारा उठून बघतोय तोवर हेदवा दाराबाहेर, दवाखान्याचा पांढरा कोट अंगात, पायात सपाता. बस येईना, मग धावत सुटली, भर उन्हात. आणि डोक्यात एकच, की मी पाच वर्षं त्या बाईला एका अक्षरावरून छळलं, आणि आज ते अक्षर...

तिकडे किनाऱ्यावर काय चाललं होतं ते ऐका. मनोऱ्यावर बसलेला जीवरक्षक... हो, त्यालाही मराठीत जीवरक्षकच म्हणतात, हेदवाने जायचं कुठे! तर तो गिदोन, चांगला मुलगा. त्सिपोराबाई त्याच्याकडे धावल्या. भीतीने अर्धी हिब्रू विसरल्या. 'मुलगा' हा शब्दच आठवेना! नुसत्या "जीव! जीव गेला!" गिदोन वाकून म्हणाला, "जीप?" त्यांना वाटलं, देव पावला, याला कळलं. "हो, हो! जीव! लहान! निळा! पाच वर्षांचा!" निळी म्हणजे त्याची चड्डी. आणि गिदोनने लाउडस्पीकर उचलला, सगळा किनारा दचकला, आणि त्याने जाहीर केलं, एक छोटी जीप हरवली आहे, निळी, पाच वर्षं जुनी, कुणाला दिसल्यास मनोऱ्याशी यावं.

लोकांना युद्धाची हौस फिटलेली, पण जीप म्हटल्यावर चार जण उठलेच! एकाने विचारलं, "लष्कराची का? नंबर काय?" दिना फोन शोधायला गेलेली, सांगायला कुणी नाही. त्सिपोराबाईंना दिसलं की माणसं पाण्याकडे न बघता रस्त्याकडे पळताहेत. त्या पुन्हा मनोऱ्याखाली, आणि आता काय सुचलं असेल? जीवाला हिब्रूत काय म्हणतात ते! ओरडल्या, "हाईम! हाईम!" गिदोन म्हणाला, "असं होय!" पुन्हा लाउडस्पीकर, हाईम नावाच्या माणसाने ताबडतोब मनोऱ्याशी यावं, घरची बाई रडते आहे. तीन हाईम आले! तिघेही साठीच्या पुढचे, ओल्या चड्डीत! एकाने तर विचारलं, "मी काय केलं?"

हेदवा पोचली तेव्हा हे तीन म्हातारे वाळूत उभे, आणि त्यांच्या पलीकडे त्सिपोराबाई, गुडघाभर पाण्यात, लुगडं भिजून जड झालेलं, लाटांकडे तोंड करून हाका मारताहेत... आता जीव नाही हो. "झीव! झीव! झीव!" चूक नाही, अडखळणं नाही. पाच वर्षांत न आलेला झ त्या भीतीने काढून घेतला होता. आणि तो ऐकून हेदवाला आनंद झाला असेल? कसला आनंद! तिथेच वाळूत बसली.

पोरगं सापडलं, घाबरू नका. रस्त्यालगत, आइस्क्रीमवाल्याच्या मागे, गाड्या उभ्या करतात ना तिथे. पाचसहा मुलांबरोबर पोटावर झोपून गाड्यांखाली बघत होतं. हेदवाने एक थोबाडीत दिली, मग इतकं आवळलं की ते गुदमरलं. "हाक ऐकू नाही आली? सगळे शोधताहेत!" तर ते हिब्रूत म्हणतं कसं, "मीपण शोधतोय ना! निळी आहे. अजून सापडली नाही."

आणि दुसऱ्या दिवसापासून, तुम्हाला सांगतो, त्या घरात नाव शुद्ध झालं. "झीव, जेवायला चल." "झीव, चप्पल घाल." स्वच्छ, सावकाश, दवाखान्याच्या खिडकीतून पेशंट पुकारावा तसं. त्सिपोराबाईंनी जीव हा शब्दच टाकला. जीव कंटाळला म्हणायच्या नाहीत, जीव दमला म्हणायच्या नाहीत. नातवाला उचलायच्या, पण पाहुण्याच्या मुलाला उचलावं तसं. पोरगं दोन दिवस बघत राहिलं आणि तिसऱ्या दिवशी आईला विचारलं, "आजी माझ्यावर रागावली का? मला नावाने का हाक मारते?"

म्हणजे बघा! एवढी मारामारी ज्या दोन अक्षरांसाठी केली, ती मिळाली, आणि पोराला वाटतंय ही शिक्षा आहे!

हेदवा स्वयंपाकघरात गेली. सासूबाई डाळ निवडत होत्या. ही मराठीत, मोडक्या मराठीत म्हणाली, "आई, जीव म्हणा."

"नको बाई."

"मी रागवणार नाही."

"रागाचं नाही गं. भीती वाटते."

हेदवा समोर बसली. मूठभर डाळ पुढ्यात ओढत विचारलं, "खरं सांगा. मुद्दाम म्हणत होतात?"

त्सिपोराबाईंनी डाळीतला एक खडा बाजूला ठेवला. "पहिलं वर्षभर जीभ वळली नाही." दुसरा खडा ठेवला. "मग मी वळवली नाही."

हेदवाला हसू आलं, रडू आलं, दोन्ही एकदम आलं की माणूस कसा दिसतो तशी ती दिसली. म्हणाली, "मग म्हणा. तुमचा हाईम म्हणून म्हणा, माझी हरकत नाही."

"आणि समुद्रावर काय करू?" त्सिपोराबाई म्हणाल्या. "तिथे पुन्हा हरवला आणि कुणी नाव विचारलं, तर तोंडातून जीवच निघायचा ना? पोराला पाण्याचं वेड. घरात डांबू का त्याला?"

तर असं ठरलं बघा. पोरगं आता घरात जीव आहे, हैफ्याच्या मामांचा शिवा आहे, आत्याचा झिप आहे, आणि सगळ्यांना ओ देतं. आणि हेदवा सुट्टीच्या दिवशी समुद्रावर जाते. ऊन तिला सोसत नाही, पाण्यात ती उतरत नाही, वाळू तिला नकोशी. सासू आणि मुलगा लाटांत खिदळतात, ही छत्री धरून काठावर बसते. जाणारेयेणारे विचारतात, "बाई, तुम्ही काय करता इथे?" काय करणार हो... वेळ आलीच, तर झ म्हणायला बसलीये!