लेकीच्या दारची हीर

माझं नाव मारुती. गाव म्हंजी तिकडं मंगळवेढ्याच्या पल्याड, माळरानात, नाव सांगून बी ताई, तुमाला कळायचं न्हाय. आमची मेंढरं व्हती. बा मेंढरामागं, आय मेंढरामागं, मला काय त्या मेंढरात गोडी न्हवती, म्हनून जरा मिसूरडं फुटलं की सोलापूर गाठलं आन् भवानी पेठंत एका तेलुगू मास्तराच्या हाताखाली लागलो. मास्तर कापडाच्या मागाच्या मोटारी बांदायचे. मोटार बांदायची म्हंजी जळल्याली तांब्याची तार काडून नवी भरायची. मास्तर शिकवायचे मराठीत आन् शिव्या द्यायचे तेलुगूत, त्यामुळं मला तेलुगू येतंय ते बी शिव्यांपुरतंच. मास्तर लई चांगला मानूस. गेले आता. मंग मी माजं स्वताचं दुकान टाकलं, दुकान कसलं, एक शटर, पर मागावरच्या मोटारी कमी व्हत गेल्या तसा मी पान्याच्या मोटारीकडं वळलो आन् तितं माजं नाव झालं. कुटं बी हिरीवर, बोरवर मोटार आडली की लोक म्हनायचे, मारुतीला बोलवा.

एकच लेक मला, रेश्मा. ती दिली बार्शीकडल्या एका गावात. जावई कुर्डुवाडीला रेल्वेच्या कारखान्यात हाय, सकाळी जातो ते सांच्यालाच येतो. घरी सासू-सासरा आन् घरामागं परड्यात जुनी दगडी हीर, तिच्यावर मोटार बशीवल्याली. सोयरीक जमली तवा इवाई, म्हंजी तिचा सासरा, हासत म्हनला, आता पान्याची काळजी मिटली बगा आमची. आन् मी बी छाती फुगवून म्हनलो, मी हाय तवर तुमच्या घरात पानी आडायचं न्हाय. चार लोकात म्हनलो. कशाला म्हनलो आसं झालंय आता.

गेल्या उन्हाळ्याची गोष्ट. पोरीचा फोन आला, आप्पा, मोटार चालती पर पानी येत न्हाय, मदीच येतंय, मदीच जातंय. म्हनलं येतो. पयल्या गाडीनं बार्शी, तितनं गावची यष्टी, गेलो. हिरीत वाकून बगितलं, पानी चांगलं पुरुषभर. बटन दाबलं तर मोटारीनं आसं फसाफसा पानी वढलं की इहीनबाई, रेश्माची सासू, बगतच राहिली. म्हनली, आता कसं आलं? काल तर थेंब न्हवता. मी म्हनलो फूटवॉल खराब आसंल, पाइपाच्या बुडाला झडप आसती ती. बदलली. आन् निगालो.

निगालो म्हंजी जेवलो न्हाय की पानी प्यालो न्हाय. लेकीला लेकरू व्हईस्तवर बापानं तिच्या सासरी पानी बी घ्यायचं न्हाय, आमच्यात आसंच. आता कोन पाळतंय? पर मी पाळतो. माजी बाटली मी घरनं न्यायचो, गारव्याला काम उरकायचो, आन् उन्ह चडायच्या आत यष्टी धरायचो.

मी सोलापुरात उतरतो न उतरतो तवर फोन. आप्पा, पानी गेलं. मंग काय, पुन्यांदा गेलो. पुन्यांदा सकाळी पानी फसाफसा. कंडेन्सर बदलला, मोटारीच्या दांड्यापाशी वळ आसती दोरीची, ती नवी भरली, एक एक जोड हातानं चाचपला, सगळे घट्ट. निगालो की दुपारी पानी गायब. तिसऱ्यांदा मोटारच खोलून पोत्यात घातली, सोलापूरला आनली, सगळी नव्यानं बांदली. तीन दिस त्या घराला मोटार न्हाय. बसवून आलो, दुपारी फोन. तवा फोनवर पोर न्हवती, इवाई व्हता. लई सबुरीनं म्हनला, पावनं, ऱ्हाऊ द्या आता, आमी दुसरं कुनी बगतो. सबुरीनं बोलला त्येचीच जास्त लाज वाटली. भांडला आसता तर बरं झालं आसतं.

मंग मी न बोलवता गेलो. काय सांगू तुमाला, ताई, दारात पाय ठिवला आन् इहीनबाईचं बोलनं कानावर आलं, शेजारनीला सांगत व्हती, आमच्या सुनंचा बाप मोटारवाला, आन् दुपारची सून आमची पोहऱ्यानं पानी वडती. तिला ठावं न्हवतं मी आलोय. आन् खोटं काय बोलत व्हती? रेश्मा भाईर आली, तिला पाचवा म्हयना. मी तिचा हात बगितला तर तळव्याला दोराचे वळ. ती हात मागं घेऊन म्हनली, काय न्हाय आप्पा, जरा लागलंय. मला तितं जिमिनीनं पोटात घ्यावं आसं झालं. मी मोटारीपाशी गेलो, बटन दाबलं, सकाळचं पानी आपलं चालूच. इहीनबाई माज्याकडं बगत व्हती, मी तिच्याकडं बगत न्हवतो. पिशवी उचलली आन् यष्टीच्या फाट्यावर यिऊन बसलो. जातो म्हनून बी सांगितलं न्हाय.

पोर मागनं आली. पोटुशी बाई, एवड्या उन्हात, पदर डोक्यावर घिऊन. म्हनली, आप्पा, तुमी सारकं सकाळचंच येताय. पानी दुपारी जातंय. मी म्हनलो व्हय, ते ठावं हाय मला. म्हनली, न्हाय, आयका की. सासूबाईचं धुतल्यालं लुगडं मी हिरीवरच्या पाइपावर वाळत टाकते. ज्या दिशी वल्लं लुगडं पाइपावर आसतंय त्या दिशी दुपारी पानी जात न्हाय. लई दिस बगतीया मी. मी म्हनलो, आगं मंग सांगायचं न्हाय का? तर म्हनली, तुमी खाली मान घालून येताय आन् खाली मान घालून जाताय. कवा सांगू?

यष्टी आली. मी बसलो न्हाय. तिच्यामागं परत गेलो.

ऊन डोक्यावर आलं तवा मोटार चालू केली. जराशानं पानी फुरफुरलं, फेस आला, धार तुटली. सगळी उभी व्हती, इवाई, इहीनबाई. रेश्मानं बादलीतनं भिजल्यालं लुगडं काडलं आन् हिरीच्या काठावर जितं पाइप वाकतोय त्या कोपऱ्याला गुंडाळलं. मी मोटारीत पानी भरून दिलं, बटन दाबलं, आन् ताई, धार लागली ती तुटलीच न्हाय. लुगडं सोडून बगितलं तर कोपऱ्याच्या खालच्या अंगाला केसावानी चीर. सकाळच्या गारव्यात ती मिटल्याली आसायची, उन्हानं पाइप तापला की उघडायची आन् मोटार पान्याबरूबर हवा वढायची. हवा आत जाती, पानी भाईर येत न्हाय, त्यामुळं कुटं थेंब बी गळत न्हाय. मी तीच चीर गारव्यात चाचपत बसल्यालो.

इहीनबाई म्हनली, आगं मंग आदी का न्हाय सांगितलंस आमाला?

रेश्मा लुगडं पिळत व्हती. म्हनली, मला कुनी इचारलं?

ती सासूला म्हनली. पर मान माजी बी खाली गेली. दुकानात कुनी आलं की माजा पयला सवाल हाच आसतो, पानी कवा जातंय? अख्ख्या जिल्ह्याला इचारत आलो. आन् माज्या लेकीला इचारलं न्हाय, का तर तिच्या सासरी पडवीच्या आत जायला मला लाज, चुलीपाशी बसून दोन शबुद बोलायला लाज. इज्जत राखतोय म्हनायचो. आन् ती दोर वडत व्हती.

त्या दिशी कोपरा बदलला. इवायानं जेवायला बसवलं, मी बसलो, भाकरी खाल्ली, तिच्या हिरीचं पानी प्यालो.

आता तिला मुलगी झालीया, गोरीपान, बापावर गेली. गावात कुनाची मोटार आडली की बाया रेश्माला बोलवत्यात, इहीनबाईच हौसंनं पाठवती. पोर मला फोन करती, आप्पा, आवाज आसा आसा येतोय, मी आसं आसं सांगितलं, बरूबर का? मी म्हनतो बरूबर. मला वाटतं म्हनावं काय तरी. चुकलं माजं, एवडं तरी. पर बापाच्या तोंडनं ते भाईर पडत न्हाय, काय करावं? मंग मी आपलं म्हनतो, नातीला उन्हात नेऊ नगं. ती म्हनती, न्हाय नेत. देव तिचं भलं करो. फोन ठिवतो आन् तार भरायला बसतो.