कुणाला वाचवलं होतं

गेमच्या दुकानात माझ्यापुढे एक वयस्कर गृहस्थ काउंटरवरच्या मुलीशी बोलत होते.

"शेवटचा भाग येतोय ना? नाव लिहून घे. आधीचे दोन्ही मुलाने खेळलेत."

"मग त्याची सेव्ह फाइल, म्हणजे साठवलेला खेळ, जपा, काका. त्याने खेळात ज्यांना वाचवलं, तेच शेवटच्या भागात जिवंत असतात."

"ती पुसली गेली. मी चुकून 'नवा खेळ' दाबलं."

"अरेरे. मग त्यालाच परत खेळायला सांगा."

"तो गेला, पोरी. काय खेळायचा ते बघायला म्हणून तर बसलो होतो."

"…फाइल नसेल तर सुरुवातीला गेम विचारतो, काका, कुणाला वाचवलं होतं. तेवढं सांगितलं तरी चालतं. घरी बोलला असेल ना तो?"

"रोज बोलायचा, जेवताना. मी म्हणायचो, गप जेव."