ओमतीला तापणारी जीप

शकु : चिकटला हो कागद रेडिएटरच्या जाळीला! आता तरी जीप बंद करा, चहा थंडा झाला.

भाऊराव : रेस न देता नव्या पंख्यानं ओढला, पाहिलं? जुना पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरे. गाडी हळू, तं तोही हळू. मिरवणुकीत पाणी उकळलंच समज. हा नवा बॅटरीवर चालते. गाडी उभी असो का पळो, याला फरक नाही.

शकु : धनेशभाऊजींनी हेच सांगितलं, तेव्हा तुम्ही म्हणाले, ‘खेळणं आहे.’

भाऊराव : त्याचं खेळणंच आहे. हा दोन इंच मोठा आहे.

शकु : मोजून आले?

भाऊराव : तो बँकेत गेला होता. बोनेट उघडं होतं.

शकु : होतं, का तुम्ही उघडलं?

भाऊराव : तू माझी बायको आहेस का त्याची वकील? इतकी वर्षं मंडळाचा बाप्पा माझ्या जीपमध्ये बसून राहिला. अन् हा काल पुण्याहून बदलून आला, जीप घेतली, लाल रंग मारला, अन् म्हणते, ‘बाप्पा माझ्याकडे द्या, माझी गाडी तापत नाही.’

शकु : झोपेत पण ‘लाल, लाल’ करून राहिले होते तुम्ही. मला वाटलं, कोणी बाई आहे.

भाऊराव : हळू बोल. मंडळाच्या मीटिंगमधून इकडंच येऊन राहिला. पाह्य, हसते का?

(धनेश फाटकातून आत येतो.)

शकु : या, भाऊजी. काय ठरलं?

धनेश : बधाई हो, भाऊसाहेब. बाप्पा तुमच्याच जीपमध्ये.

भाऊराव : अच्छा! म्हणजे नव्या पंख्याचं कळलं त्यांना?

धनेश : कसला पंखा? त्यांना तापणारीच गाडी हवीय.

शकु : अगंबाई, काहून?

धनेश : ओमतीच्या चौकात पोलीस मिरवणूक थांबू देत नाहीत ना, वहिनी. पण यांची जीप दरवर्षी नेमकी तिथंच उकळते. वाफ निघणाऱ्या गाडीला कोण काय बोलणार? ती गार होईपर्यंत तिथल्या म्हाताऱ्या राधाबाई वरून, गॅलरीतून ओवाळून घेतात. गुडघ्यांमुळे जिना उतरवत नाही त्यांना. मंडळाचे अध्यक्ष बापूसाहेब म्हणाले, ‘धनेशची गाडी सर्रकन निघून जाईल, म्हातारीचं दर्शन राहील.’ एवढी सजवली यार मी गाडी, आणि हरलो कुणाला? वाफेला!

शकु : अहो, बोनेट काहून पाडता घाईघाईनं?

धनेश : लपवताय काय? आणि हे बोनेटखाली... अरे! इलेक्ट्रिक? मग तुमचीही तापणार नाही! बराबर झालो आपण. थांबा, बापूसाहेबांना फोनच लावतो.

भाऊराव : खबरदार! जुना परत बसवतो मी.

शकु : तो सकाळीच कबाडीवाल्याला देऊन टाकला तुम्ही. वरून म्हणाले, ‘तोंड नको दाखवू याचं.’

धनेश : चलो, मग लाल जीप धुवायला घेतो.

शकु : थांबा हो भाऊजी. हा पंखा आपोआप सुरू होते का?

धनेश : माझा होतो. यांनी मात्र साधं बटण लावलेलं दिसतंय.

भाऊराव : हाव, गावठी आहे ना मी! तू हस.

शकु : कुठं आहे बटण?

भाऊराव : तुझ्या सीटसमोर. माझ्याकडे जागाच नव्हती.

शकु : मग ठेवा तो फोन, भाऊजी, अन् चहा घ्या. राधाबाईंना सांगा, निरांजन तयार ठेवा म्हणावं. ओमती आली की मी पंखा बंद करीन.