सरांच्या घरचं पाणी

नको नको पंचशीला वहिनी, तुम्ही उठू नका — पाणी ठेवलंय ना, पिते की, सावकाश पिते. सर गेल्याचं कळलं तेव्हाच यायला हवं होतं, निदान पुण्यानुमोदनाला तरी. पण ह्या पोरीला जुलाब सुरू होते, आणि मी म्हणजे बाळ शिंकलं तरी थेट न्यूमोनियापर्यंत पोचणारी बाई! तर काय सांगत होते — हणमंते सर. कॉलेजात नागरी प्रश्न शिकवायला दुसरं कुणी तयारच नव्हतं. लातूर नवा जिल्हा झाला, सगळं गाव कलेक्टर कचेरी कुठं होणार म्हणून प्लॉट बघत होतं. सर आम्हाला घेऊन नळ कुठवर पोचत नाही ते बघत फिरायचे. कुणाच्याही दारात आधी पाणी मागायचं, दोन घोट का होईना प्यायचं, मग प्रश्न. "सिंधु, पाणी पिल्याबिगर वही उघडायची न्हाई. कुठून आणलं ते घरची बाई आपणहून सांगते बघ." आणि खरंच सांगायच्या हो! त्यावरनंच तर नगरपालिकेशी भांडून भांडून वस्तीत नळ नेला त्यांनी. मुंबईहून बोलावणं आलं तरी हलले नाहीत. बहात्तरच्या दुष्काळात मुखेडकडं त्यांच्या गावी आई विहिरीपाशी घागर घेऊन उभी, कुणी वरून ओतेल तेव्हा घ्यायचं — हे वर्गात हसत सांगायचे. हसत का? आमच्यासारख्या घरच्यांना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणूनच ना —

अगं ए, ग्लासाला हात नको लावूस! — नाही वहिनी, तिला तहान नाहीये, बाटली आणलीय मी. डॉक्टरांनी उकळलेलंच द्यायला सांगितलंय, सासूबाईपण निघताना तेच म्हणाल्या, जाऊन ये, पण तिथलं काही पोरीच्या तोंडाला लावू नकोस — तिथलं म्हणजे बाहेरचं हो, कुठलंही बाहेरचं — आता काल मामींकडं प्याली ती, पण ते वेगळं, ते आपल्या — म्हणजे —

काय? उकळलेलंच आहे? हिच्यासाठी मुद्दाम उकळून गार केलंत?

...सर असते तर काही बोलले नसते. नुसते हसले असते. पिते ना मी. त्यांच्यादेखत कुठल्या कुठल्या घरी प्यायलेय वहिनी, आणि त्यांच्याच घरी — ग्लास कुठं नेताय? राहू द्या की. पिते म्हणलं ना मी. वहिनी —

बरं. निघते.

हो... बाटली राहिलीच होती. द्या.