खांद्याचं दुखणं

बायको: नळ बंद करा जरा.

नवरा: अर्धी भांडी राहिलीत अजून.

बायको: राहू देत. ऐका.

नवरा: काय ऐकू? काहीच ऐकू येत नाहीये.

बायको: तेच ऐका.

नवरा: सकाळी सकाळी कोडी नको घालूस.

बायको: आपली ठकी नऊ वाजता सरावाच्या खोलीत गेली. आधी नीट चाललं होतं. तीन डार्ट, तीन टप्, मग ते काढायला बोर्डापर्यंत पावलं. मग दोनच टप् यायला लागले. मग एक. आता दहा मिनिटं झाली, टप् नाही की पाऊल नाही.

नवरा: फोनवर असेल.

बायको: फोन हा काय, इथे ओट्यावर.

नवरा: मग डोकं शांत करत असेल. उद्या निवड स्पर्धा आहे, गंमत नाही.

बायको: तुम्हीही डोकं शांत करत बसायचात. अकरा वर्षांपूर्वी, त्याच खोलीत, सहा महिने. मी इथेच उभी असायचे.

नवरा: काय म्हणायचंय तुला?

बायको: तुमच्या हातातून डार्ट सुटत नव्हता.

नवरा: माझा खांदा गेला होता. सगळ्या जगाला माहीत आहे. पेपरात आलं होतं.

बायको: पेपरात तुम्ही सांगितलंत तेच आलं. माझ्या मावसबहिणीच्या लग्नात पट्टा डाव्या खांद्याला बांधून मिरवत होतात. फेकायचात उजव्या हाताने.

नवरा: घाईत बांधला असेल.

बायको: कोपऱ्यात नेऊन मीच बदलून दिला. म्हटलं, गाठ सैल झालीय. आठवतंय?

नवरा: म्हणजे तुला तेव्हापासून...

बायको: त्याच्याही आधीपासून. लोक तुमचा हात बघायचे, मी आवाज ऐकायचे. तुम्हाला सगळे 'घड्याळ' म्हणायचे ते काय उगाच? तेवीस वर्षं त्या टप् टप् टप्वर मी स्वयंपाक केला, पोरीला झोपवलं. घड्याळ बंद पडलेलं घरातल्या माणसाला कळणार नाही होय?

नवरा: मग बोलली का नाहीस?

बायको: तुम्ही सांगाल म्हणून थांबले. आज सांगतील, उद्या सांगतील. मग थांबायचीच सवय लागली. राग यायचा हो, फार यायचा. पण आत्ता माझा राग जाऊ दे चुलीत. पोरीपाशी जा आणि तिला खरं सांगा.

नवरा: नाही जमायचं.

बायको: का?

नवरा: आम्हा खेळाडूंत त्या दुखण्याचं नाव काढत नाहीत. नुसतं 'ते' म्हणतात. कुणाला झालं तर त्याच्याशी बोलायचं नाही, त्याचे डार्ट हातात घ्यायचे नाहीत. नाव काढलं की लागतं.

बायको: साठीला आलात आणि हे काय बोलता?

नवरा: तुला हसू येईल. तो जाड्या आठवतो? वीस वर्षं दौऱ्यांवर एका खोलीत राहिलो, एकमेकांचे मोजे घातले. उपांत्य सामन्यात मला एक डबल सोळा हवा होता. बोर्डाच्या कडेची ती बारीक पट्टी. डोळे झाकून मारला असता एरवी. हात वर नेला, बोटं उघडेनात. परत नेला. अकरा वेळा. लोक हसायला लागले तेव्हा मी खांदा धरून खाली बसलो.

बायको: आणि जाड्या?

नवरा: दुसऱ्या दिवशी सरावाला मला बघून बॅग उचलली आणि लांबच्या टेबलावर जाऊन बसला. जाताना हात मिळवला, पण डावा. उजवा पाठीमागे घेतला त्याने. तो डावा हात मी विसरलेलो नाही. आणि तू म्हणतेस, पोरीसमोर जाऊन नाव काढ! माझं तिला लागलं तर?

बायको: लागलंय ते आधीच! दोन महिने झाले.

नवरा: कुणी सांगितलं?

बायको: तिने. परवा कपडे वाळत घालताना रडली. म्हणाली, 'आई, माझ्यात दमच नाही. बाबांना कळू देऊ नकोस.' 'दम' हा शब्द कुठून आला माहीत आहे?

नवरा: कुठून?

बायको: गेल्या महिन्यात रेडिओवर समालोचन करत होतात. एका खेळाडूचा हात अडखळला. तुम्ही काय म्हणालात?

नवरा: नाही आठवत.

बायको: मला पाठ आहे. 'ज्याच्यात दम नाही त्याचा हात अडकतो. अशांनी घरी बसावं.' ती इथे, ह्या स्टुलावर बसून ऐकत होती.

नवरा: अगं, ते मी... त्या पोराचा हात थांबला आणि मला घाम फुटला. बाजूचे लोक माझ्याकडे बघताहेत असं वाटलं. काहीतरी बोलून गेलो.

बायको: बोललात ते तिच्या मनात जाऊन बसलं. आता हा फोन घ्या. वाचा.

नवरा: तिचा फोन मी कशाला वाचू?

बायको: तिनेच मला वाचायला दिलाय, शुद्धलेखन बघ म्हणून. बारापर्यंत पाठवायचंय.

नवरा: चष्मा... हं. 'माननीय निवड समिती. उद्याच्या स्पर्धेतून मी माझं नाव मागे घेत आहे. गेले काही दिवस माझा उजवा खांदा...' खांदा?

बायको: हो. खांदा.

नवरा: तिने खांदा लिहिलंय.

बायको: मी विचारलं, खांदाच का? तर म्हणाली, 'बाबांचं होतं ना तसं. कुणाला शंका येणार नाही.' तुमच्याकडून ट्रॉफ्या घेतल्या, डार्ट घेतले, आता हेही घेतेय.

नवरा: ओली झाली फोनची काच. फडकं दे.

बायको: राहू दे ती काच. जाताय का?

नवरा: तू चल बरोबर.

बायको: नाही. मी नळ सोडते. अकरा वर्षं ऐकलं, आता तुमचं तुम्ही बोला. दार मात्र उघडं ठेवा.

(सरावाची खोली.)

मुलगी: बाबा! मी जरा... दिवा तपासत होते. बोर्डावर सावली पडतेय.

नवरा: तुझा एक डार्ट दे.

मुलगी: माझा? तुमचा खांदा?

नवरा: दे गं ठके.

मुलगी: खरंच मारताय? आई! आई, बाबा मारताहेत! थांबा, रेघेवरची चटई नीट करते. काय मारणार?

नवरा: डबल सोळा.

मुलगी: घड्याळाचा डबल सोळा! मी शाळेत होते तेव्हा शेवटचा बघितला. मारा.

नवरा: हं.

मुलगी: मारा ना. ... बाबा? ... बाबा, हात खाली घ्या. दुखतंय का?

नवरा: नाही. नीट बघ. इथपर्यंत येतो. इथे, डोळ्यापाशी. मी बोटांना म्हणतो सोडा, आणि बोटं ऐकत नाहीत.

मुलगी: खांद्यामुळे?

नवरा: खांद्याला काहीही झालेलं नाही. कधीच झालं नव्हतं. मी खोटं बोललो. पेपराशी, तुझ्या आईशी, तुझ्याशी.

मुलगी: पण रेडिओवर तर तुम्ही...

नवरा: तिथेही खोटं बोललो. दमाचा काही संबंध नाही. घाबरलो होतो, म्हणून दुसऱ्याला हिणवलं.

मुलगी: दोन महिने, बाबा. दोन महिने मला वाटतंय की मी तुमची मुलगी शोभत नाही. घड्याळाची पोरगी आणि हात अडकतो! कुणाला तोंड दाखवावंसं वाटत नव्हतं. तुम्ही एक शब्द बोलला असतात तर!

नवरा: हो.

मुलगी: नुसतं हो काय?

नवरा: दुसरं काय बोलू? चुकलं माझं. तुझं नाक तुझ्या आईवर गेलंय, रंगही तिचाच. माझ्यावर काय गेलंय, तर नेमकं हे.

मुलगी: हसवू नका. मी चिडलेय.

नवरा: चिड. मी उभा आहे इथेच.

मुलगी: ... बरं होतं का हे?

नवरा: माहीत नाही. काहींचं होतं म्हणतात. मी बरं व्हायला कुणाला दाखवलंच नाही. दार लावून बसलो.

मुलगी: मी उद्या जाऊ?

नवरा: ते मी नाही ठरवणार. गेलीस तर पहिल्या रांगेत बसेन, कितीही वेळा हात थांबला तरी उठणार नाही. नाही गेलीस तर नको जाऊस. पण पत्रात खांदा लिहू नकोस.

मुलगी: मग काय लिहू? 'ते' झालंय म्हणून?

नवरा: लिही, डार्ट सुटत नाही. माझी काही हरकत नाही. खाली हवं तर लिही, वडिलांचाही सुटत नव्हता.

मुलगी: हात अजून वरच धरलाय तुम्ही.

नवरा: खाली घेतला की हरल्यासारखं वाटतं.

मुलगी: द्या इकडे. हे पहिलं बोट. घट्ट काय धरलंय! हे दुसरं. सोडा, मी धरलंय मनगट.

नवरा: हळू. टोक लागेल तुला.

बायको: काय गं पडलं आत? भांड्यासारखा आवाज आला.

मुलगी: डार्ट, आई. फरशीवर.

बायको: कुणाचा?

मुलगी: बाबांचा. सुटला.

बायको: आणि तुझा?

मुलगी: माझा अजून हातातच आहे. आई, तो नळ बंद कर ना जरा, आणि ऐक.